जुळी घरी जाईपर्यंत

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात शिशू विभागात मी परिचारिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता निवृत्ती जवळ आली आहे. आमचा भाग उसाचा. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरून आणि एरवी आसपासच्या तालुक्यांतून अपुऱ्या दिवसांची बाळं आमच्याकडे येतात. त्यांत जुळी नेहमीच असतात. जुळ्यांचे आई-बाप माझ्या जास्त लक्षात राहिले. त्यांची काळजी दुप्पट असते असं लोकांना वाटतं. मी पाहिलेली काळजी दोन दिशांना ओढणारी होती. एका बाळाची नळी निघते त्याच सकाळी दुसऱ्याला पुन्हा ऑक्सिजन लावावा लागतो. एकाच आईला आनंदही होतो आणि रडूही येतं, आणि दोन्हींपैकी एकालाही पुरता वेळ मिळत नाही.

या नोकरीने शिकवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट आधीच सांगते. बाळं घरी कधी जाणार हे डॉक्टर ठरवतात, यंत्रं ठरवतात, वजनकाटा ठरवतो, असं आई-बाप धरून चालतात आणि दाराबाहेर बसून राहतात. पण घरी जाण्याची तयारी बाळाने जितकी करायची असते तितकीच आई-बापांनीही करायची असते, आणि ती शेवटच्या दिवशी उरकता येत नाही. वाट पाहण्याच्या काळात ज्यांच्या हाताला बाळाचं काम मिळालं ते धीटपणे घरी गेले. ज्यांना ते मिळालं नाही त्यांची बाळं वजनाने तयार असायची, पण त्यांचे स्वतःचे हात थरथरत असायचे.

पूर्ण दिवसांचं गरोदरपण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं या रेषेच्या आतच येतात. गर्भाशय लवकर ताणलं जातं, आईचा रक्तदाब चढतो, पाणी आधी जातं, किंवा एकाची वाढ पोटातच खुंटते आणि आणखी थांबणं डॉक्टरांना धोक्याचं वाटतं. घरच्या लोकांना मात्र कारण सुनेच्या वागण्यात सापडतं. ती मोटारसायकलवर बसली, तिने हंडा उचलला, ती ग्रहणात बाहेर गेली. म्हणून मी पहिल्याच दिवशी सासूच्या देखत आईला सांगते, "ताई, यात तुमचं काही चुकलेलं नाही." हे वाक्य एकटीला सांगून उपयोग नसतो. ते सगळ्यांच्या कानावर पडावं लागतं.

आणखी एक समज आमच्या भागात घट्ट आहे. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. आठव्या महिन्यात जुळी झाली की आज्या पदर डोळ्यांना लावूनच येतात. मी त्यांना सांगते की पोटातला एकेक आठवडा बाळाला बळ देतो, त्यामुळे आठव्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा भक्कम असते. पटायला वेळ लागतो, पण पटतं.

पहिली भेट सगळ्यांना जड जाते. सिझेरियन झालेली आई दुसऱ्या मजल्यावर असते. बाप तिची औषधं, रक्ताची सोय आणि खाली बाळांचे कागद यांत धावत असतो. तो आत येतो तेव्हा त्याला बाळ दिसतच नाही. दिसतात त्या तारा, नाकातली नळी, तळपायाला लावलेला लाल दिवा आणि मॉनिटरवरचे आकडे. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर आईचं नाव आणि पुढे 'एक' किंवा 'दोन'. बहुतेक बाप आकड्याकडे बघत उभे राहतात. आकडा खाली गेला की त्यांचा रंग उडतो. बाळाने पाय हलवला तरी यंत्र ओरडतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी त्यांना यंत्राकडे पाठ करून उभं करते आणि बाळाची छाती कशी वरखाली होते, ओठ कसे गुलाबी आहेत, तळहातावर बोट ठेवलं की मूठ कशी मिटते ते दाखवते. घरी मॉनिटर नसणार. बाळ वाचायला शिकायचं ते इथेच.

मी नोकरीला लागले तेव्हा ३० आठवड्यांच्या जुळ्यांबद्दल फार आशा देता येत नसे. या बाळांच्या फुफ्फुसांतले बारीक फुगे उघडे राहायला सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो आणि लवकर जन्मलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी याच कारणाने तो दोन दिवसांत गेला. १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचू शकतात हे दाखवलं, आणि पुढे ते औषध आमच्यासारख्या ठिकाणीही पोचलं. आज दोन किलोचं बाळ आलं की आम्ही एकमेकींना 'हे मोठं आहे' म्हणतो. खचलेल्या बापाला मी ही गोष्ट सांगते. देशाच्या सर्वोच्च माणसाला जे मिळालं नाही ते आज आपल्या सरकारी दवाखान्यात तुझ्या लेकरांना मिळतंय, एवढं ऐकून त्याचे खांदे जरा सरळ होतात.

आमच्या कामात परिचारिकेच्या नजरेला किंमत आहे, हेही मी नव्या मुलींना सांगते. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना उन्हात फिरवून आणत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना दाखवलं की ऊन लागलेल्या भागावरची कावीळ फिकी पडली आहे. आज कावीळ वाढलेलं बाळ ज्या निळ्या दिव्याखाली झोपतं त्याची सुरुवात तिथून झाली. नजर हे साधन आहे, आणि आईची नजर तर चोवीस तास उघडी असते. मग तिला दाराबाहेर ठेवण्यात काय शहाणपण?

तरी अनेक वर्षं आम्ही तसंच करत होतो. जंतुसंसर्गाच्या भीतीने आई-बापांना काचेतून बघू द्यायचं, ठरलेल्या वेळी पडदा सरकवायचा, अशीच सगळीकडे पद्धत होती. मग दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात कुटुंबाला आत घेऊन बाळाची शुश्रूषा शिकवण्याचं काम झालं, आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा विभागात धास्ती होती. एवढी माणसं आत आली तर काय होईल? घडलं असं की नीट हात धुवायला शिकवलेली आई आमच्याइतकीच, कधी आमच्याहून जास्त काळजी घेते. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट. एकदा घोटून घेतलं की हात न धुता आजी बापाला आत सोडत नाही आणि बाप आजीला सोडत नाही.

माझ्यासाठी हा बदल एका टेम्पोचालकामुळे खरा झाला. त्याच्या बायकोला झटके आले होते, ती अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती, आणि ३१ आठवड्यांच्या दोन मुली आमच्याकडे. तो दाराशी उभा राहायचा आणि आत बोलावलं की म्हणायचा, "सिस्टर, माझे हात ग्रीसचे आहेत. नको." मी त्याला साबणापाशी नेलं. मुली स्थिर झाल्यावर एकीला त्याच्या उघड्या छातीवर उभी बांधली, वर त्याचा शर्ट. पहिली काही मिनिटं तो श्वास रोखून बसला होता. मग मुलीचा श्वास संथ झाला, मॉनिटर गप्प झाला आणि याचेही खांदे उतरले. दुसऱ्या दिवशी तो धाकटीलाही मागू लागला. नळीतून दूध कसं सोडायचं, वाटी-चमच्याने थेंब थेंब कसं पाजायचं, सगळं शिकला.

आई शुद्धीवर आली आणि चाकाच्या खुर्चीवर खाली आली तेव्हा मी काही सांगायच्या आत त्यानेच सुरुवात केली. "ही थोरली. हिला डाव्या कुशीला बरं वाटतं. ही धाकटी. पिताना मधेच श्वास घ्यायचं विसरती, तवा थांबायचं, पाठीवर हात फिरवायचा." मी बाजूला झाले. त्या घरात बाळांची ओळख बापाने आईला करून दिली. ती माणसं त्या क्षणी घरी जायला निम्मी तयार झाली होती, बाळांचं वजन अजून दीड किलोही भरलं नव्हतं तरी.

छातीशी बाळ बांधण्याच्या या पद्धतीला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे इन्क्युबेटर कमी आणि बाळं जास्त होती. गरजेतून आलेली ही गोष्ट गरिबांचा उपाय म्हणून बघितली गेली. पुढे भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता लगेच आईच्या छातीशी दिलं, तेव्हा मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दिवसातले किमान आठ तास, जमेल तर त्याहून जास्त वेळ, बाळ असं छातीशी असावं. जुळ्यांच्या आईला हे आठ तास एकटीने पेलत नाहीत. दोघांना एकाच वेळी छातीवर घेता येतं, पण शौचाला जायचं, जेवायचं, दूध काढायचं कधी? म्हणून जुळ्यांच्या घरात बाप, आजी, आत्या, मावशी सगळ्यांच्या छात्या मोजायच्या असतात.

दूध हा वेगळाच प्रांत. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो. तोवर बाळ अंगावर ओढू शकत नाही. मग आईने दूध हाताने काढायचं, दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, आणि ते नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई फडावरच कळा सुरू झाल्याने आमच्याकडे आली होती. पहिले दोन दिवस तिला वाटीच्या बुडाशी चार थेंब मिळायचे. "दोन लेकरं आन् एवढंच दूध. मी काय पुरणार?" असं म्हणून ती वाटी लपवायची. मी तेच थेंब, पिवळं चिकाचं दूध, तिच्याच बोटाने दोन्ही बाळांच्या गालांच्या आत लावायला सांगितलं. तेवढं त्या दिवशी पुरेसं होतं. बाळांच्या पोटातही चमच्याहून जास्त जागा नव्हती. बाळ छातीशी घेतल्यावर लगेच दूध काढायचं, हे तिने मनावर घेतलं आणि आठवड्याच्या आत पान्हा फुटला.

तिची खरी अडचण दुधाची नव्हती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती इथे अडकली म्हणजे कोयता मोडला. मुकादमाची उचल फिटायची होती. नवरा दोन दिवस थांबून फडावर परतला आणि संध्याकाळी फोन करून एवढंच विचारायचा, "किती भरलं?" दहा ग्रॅम, पंधरा ग्रॅम. तो आकडा कोपीवर सगळ्यांना कळायचा. लोक त्याला बेफिकीर म्हणत होते. मला तो तसा कधी वाटला नाही. वाट पाहण्यासाठी मजुरी बुडवण्याची ऐपत लागते, हे इथे बसून रोज दिसतं. तिच्यासोबत नणंद राहिली, तिनेही एक बाळ छातीशी बांधलं, आणि त्या दोघींनी मिळून दोघांना मोठं केलं.

आईचं दूध अजिबातच मिळत नसेल तेव्हा दुसऱ्या आईच्या दुधाची पेढी उपयोगी पडते. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून मग लहान बाळांना देतात. आमच्या बायकांना आधी हे विचित्र वाटायचं. पण गावात एकीचं दूध आटलं की शेजारणीने पाजायचं, हे त्यांच्या आज्यांनी केलेलंच होतं. तेवढी आठवण करून दिली की शंका मिटते.

आता जुळ्यांच्या वाट्याची खास गोष्ट. आई-बाप दोघांचं वजन एकमेकांशी लावून बघतात. एका शिक्षक जोडप्याला बऱ्याच वर्षांच्या उपचारांनंतर जुळी झाली होती. गुरुजींनी एका आलेखाच्या कागदावर दोघांच्या रेषा काढल्या. पहिल्याची रेषा चढती, दुसरीची रेंगाळलेली. रोज संध्याकाळी ते त्या दोन रेषांमधलं अंतर बघून खचायचे. मुलीचं स्वतःचं वजन व्यवस्थित वाढत होतं. जन्माच्या वेळीच ती भावापेक्षा बरीच लहान होती, एवढंच. मी त्यांना दोन वेगळ्या वह्या करायला सांगितल्या. दोन वह्या झाल्यावर मुलीच्या वहीत रोजची वाढ दिसू लागली आणि तिचं कौतुकही सुरू झालं. जुळी एका दिवशी जन्मतात, पण त्यांचा श्वास, भूक, रक्त आणि धीर वेगवेगळा असतो. डॉक्टर दोन फायली ठेवतात. आई-बापांनीही मनात दोन फायली ठेवाव्यात.

मुलगा आणि मुलगी अशी जोडी असली की मी जास्त सावध असते. रुग्णालयात दोघांना सारखं मिळतं. घरी गेल्यावर पहिल्यांदा कोणाला अंगावर घेतात, आजी कोणाला उचलते, ताप आल्यावर गाडी कोणासाठी काढतात, यात फरक पडलेला मी तपासणीच्या वजनात वाचला आहे. एका घरात मुलाचं वजन छान वाढलं होतं आणि मुलगी जिथल्या तिथे. मी आजोबांना समोर बसवलं आणि स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या खेपेला मुलीला ते स्वतः कडेवर घेऊन आले. स्पष्ट बोलल्याने माणसं तुटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांत अवघड वेळ येते ती एक बाळ घरी जायला तयार आणि दुसरं नाही तेव्हा. तयार म्हणजे काय, तेही सांगते. बाळ उबेच्या यंत्राशिवाय अंग गरम ठेवतं, सगळं दूध तोंडाने घेतं, सलग तीन दिवस वजन वाढतं, श्वास विसरण्याचा प्रकार त्यावरचं औषध बंद केल्यावरही काही दिवस होत नाही. वजन साधारण १.६ ते १.८ किलोच्या घरात असतं, पण काट्यावरचा आकडा एकटा काही ठरवत नाही. खाट रिकामी असेल तर आम्ही तयार बाळालाही आईजवळ ठेवून घेतो. नेहमी ते शक्य नसतं.

अशा एका घरात थोरला मुलगा तयार झाला आणि धाकट्याला संसर्ग होऊन तो पुन्हा सलाइनवर गेला. गाव चाळीस किलोमीटरवर. आजी म्हणाली, "आईनं कुठं थांबायचं ते तुम्हीच सांगा बाई." याचं एक उत्तर नसतं. आम्ही सगळ्यांना बसवून बोललो. शहरात आईचा चुलतभाऊ राहत होता, त्याने एक खोली दिली. थोरल्याला घेऊन आजी आणि बाप तिथे राहिले. आई दिवसा धाकट्यापाशी, रात्री थोरल्यापाशी. दूध स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवायचं, बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये एक दिवस, हे बापाने पाठ केलं. आईला सतत वाटायचं, जिथे आहे तिथे अर्धीच आहे. मी तिला म्हटलं, दोघांनाही आज उबेला माणूस आहे आणि तुझं दूध आहे, म्हणजे दोघांनाही आई मिळाली आहे. ती रडली आणि पुन्हा दूध काढायला बसली.

आणि काही वेळा दोघांपैकी एकच घरी जातं. हे न लिहिता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अशा वेळी नातेवाईक आईला म्हणतात, "एक तरी राहिलं ना, त्याच्याकडे बघ." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आईला मात्र ऐकू येतं की गेलेल्याची मोजदाद संपली. तिला एकाच वेळी दूध काढायचं असतं आणि सुतकही धरायचं असतं. मी शिकले ते असं, की गेलेल्या बाळाला आई-बापांच्या हातात द्यावं, त्यांना हवा तेवढा वेळ द्यावा, त्याचं तोंड बघू नका असं म्हणू नये. वाचलेल्या बाळाचा डिस्चार्ज होतो त्या दिवशी ती आई दोन्ही बाळांबद्दल बोलली तर ऐकून घ्यावं. एका बापाने जाताना मला दोघांची नावं सांगितली, घरी ठेवलेली. मी दोन्ही नावं उच्चारून त्याचा निरोप घेतला.

घरी जाण्याच्या आधीचे दिवस मी सरावाचे मानते. आईने बाळांसोबत राहायचं, सगळं तिने करायचं, आम्ही फक्त बघायचं. उलट्या हाताने आधी पोट आणि मग तळपाय चाचपायचे. दोन्ही उबदार असले तर ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर धोका. मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, निपचित पडणं, ओठ निळे होणं, तळपायांपर्यंत पिवळेपणा, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघायचं. १०८ नंबर आजीलाही पाठ हवा.

आजी हा घरातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस. ती धुरी देणार, डोळ्यांत काजळ घालणार, घुटी उगाळणार, मधाचं बोट चाटवणार, पाचवी पुजायची राहिली म्हणून हळहळणार. तिला नुसतं 'हे करू नका' म्हणून सोडलं तर घरी गेल्यावर ती तेच करते. म्हणून मी तिला कामं देते. धुराऐवजी ऊब, म्हणजे तुमची छाती. मधाऐवजी आईचं दूध, तिला वेळेवर भाकरी-भाजी आणि झोप मिळेल हे बघणं तुमच्याकडे. बघायला येणाऱ्यांना उंबऱ्यावरच थांबवणं हेही तुमच्याकडे, कारण तुमचा शब्द कोणी मोडत नाही. बारसं जमेल तेव्हा करा, देवाला घाई नाही. ज्या आजीला मान मिळाला तिने एकही नियम मोडल्याचं मला आठवत नाही.

आई-बापांना वाटतं, उंबरा ओलांडला की संपलं. पहिल्या रात्री आमच्या विभागात फोन येतो. बाळ फार शांत आहे. बाळ फार आवाज करतंय. महिनाभर यंत्रांच्या आवाजात राहिलेल्या माणसांना शांततेची भीती वाटते. मी त्यांना पोट आणि पाय चाचपायला सांगते, हाताला काय लागलं ते विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर देता देताच त्यांना धीर येतो.

एका गोष्टीत मात्र मी कोणाला सूट देत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, अगदी लहान बाळांचा त्याहूनही आधी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. वेळेत लेझर केलं तर ती वाचते. बाहेरून डोळे सुंदर दिसतात, म्हणून लोक जात नाहीत. जुळ्यांपैकी एकाचं बरं निघालं म्हणून दुसऱ्याचं टाळतात. त्या ऊसतोडीच्या बाईची तपासणीची तारीख आली तेव्हा तिची टोळी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली होती. आम्ही तिथल्या जवळच्या रुग्णालयात फोन केला, नवऱ्याकडून तारीख आणि ठिकाण तीनदा म्हणवून घेतलं. दोघं बाळांना घेऊन ऊस वाहणाऱ्या ट्रकमधून पोचले. दोघांचे पडदे ठीक निघाले. ऐकण्याची तपासणीही अशीच चुकवू नये.

पुढच्या काळात आशाताईच्या भेटींचा आधार असतो. घरी जाऊन बाळ बघण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात हे त्यांनी १९९९ साली जगापुढे मांडलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा ते काम करतात. शिवाय आई-बापांना एक हिशेब शिकवावा लागतो. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा करायची. दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशेब चालतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. शेजारच्या घरातलं मूल बसायला लागलं म्हणून होणारी अर्धी भांडणं या एका हिशेबाने मिटतात.

एवढ्या वर्षांनी मला मागायचं आहे ते यंत्र नाही. यंत्रं आली, आणखी येतील. जिथे अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवून घेतात तिथे प्रत्येक बाळाच्या शेजारी त्याच्या आईला पाठ टेकायला खाट असावी, तिला दोन वेळचं गरम जेवण मिळावं आणि सोबतच्या माणसाला रात्र काढायला जागा असावी. बापाला कामावरून काही दिवस पगारी सुटी मिळावी, मग तो कारकून असो की फडावरचा मजूर. आई आणि बाळाला एकाच कक्षात ठेवणारे विभाग आपल्या देशात सुरू झाले आहेत आणि त्यांचा गुण अभ्यासातून सिद्ध झाला आहे. जुळ्यांना तर एका आईने भागत नाही, त्यांना सगळं घर लागतं. ते घर रुग्णालयाच्या आत येऊ द्या, त्याला काम द्या. बाळं बरी होऊन घरी जातील तेव्हा त्यांना सांभाळणारी माणसंही तयार होऊन त्यांच्यासोबत जातील.